बारा म्हणजे पाव!

बालमित्रांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. बारा म्हणजे किती?

"हे काय कोडं झालं? बारा म्हणजे एक डझन!" असं तुम्ही म्हणणार. माझ्या चौथीच्या वर्गातली मुलंही असंच म्हणाली. पण जगात एक देश असा आहे, जिथे बारा म्हणजे पाव! आणि आपल्याकडे पाव म्हणजे काय? एक तर खायचा पाव, नाही तर एक चतुर्थांश. म्हणजे त्यांचा बारा आपला पाव, आणि आपला पाव कधी कधी पाऊण किलोतून अर्धा किलो वजा केल्यावर उरणारा! घातला की नाही गोंधळ?

हा गोंधळ सोडवायचा तर तुम्हाला माझ्याबरोबर नागपूरच्या धंतोलीत यावं लागेल. चपला घाला, पिशवी घ्या. वाटेत थोडा बाजारही करायचा आहे.

धंतोली आहे तरी कशी?

सीताबर्डीच्या गर्दीतून वर्धा रोडला लागलं की डोक्यावरून मेट्रो धावताना दिसते. २०१९ मध्ये ती सुरू झाली. या मार्गाचं नाव काय ठेवलंय ठाऊक आहे? ऑरेंज लाइन! संत्र्यांच्या गावाला शोभेलसंच. पुढे पंचशील चौक लागतो. तिथे जी नदी आडवी येते ती नाग नदी. ती अंबाझरी तलावाकडून येते आणि तिच्यावरूनच या शहराला नागपूर हे नाव मिळालं.

वर्धा रोड सोडून आत वळलात की लागली धंतोली. मोठी झाडं, जुने बंगले, बंगल्यांना लांब ओसऱ्या आणि जाळीची दारं. असे बंगले आता थोडेच उरलेत. बाकी सगळे दवाखाने! हाडांचे, डोळ्यांचे, हृदयाचे, लहान मुलांचे. एका गल्लीत उभं राहून पाट्या मोजायला लागलं तर बोटं कमी पडतात. दवाखान्यासमोर औषधाचं दुकान, त्याच्या शेजारी चहाची टपरी, टपरीसमोर बाकड्यावर बसलेले पेशंटचे नातेवाईक. कोणी गडचिरोलीहून आलेलं असतं, कोणी चंद्रपूरहून, कोणी बालाघाट-छिंदवाड्याहून. हातात डबा, डोळ्यांत काळजी.

तुम्ही त्या टपरीपाशी पाच मिनिटं नुसते उभे राहा आणि कान उघडे ठेवा. एका बाकड्यावर वऱ्हाडी, दुसऱ्यावर हिंदी, तिसऱ्यावर छत्तीसगढी. कधी गोंडीही ऐकू येते. नागपूर एके काळी मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी होतं. हिंदी आणि मराठी दोन्ही मुलूख या एकाच शहराकडे बघायचे. ते राज्य गेलं, पण बोलणारी माणसं अजून येतात.

याच धंतोलीत रामकृष्ण मठ आहे, बगीचा आहे आणि यशवंत स्टेडियम आहे. विधानसभेचं हिवाळी अधिवेशन नागपुरात भरलं की स्टेडियमच्या आसपास मोर्च्यांची ही गर्दी होते! पण आपल्याला जायचं आहे एका शांत गल्लीत. तिथे वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते मी, आणि खाली राहतात डॉक्टर आजी.

डॉक्टर आजींची वही

डॉक्टर आजी आता ऐंशीच्या पुढे आहेत. तरुणपणी, १९७० च्या सुमारास, त्या नोकरीसाठी वेल्समध्ये गेल्या होत्या. वेल्स म्हणजे इंग्लंडच्या पश्चिमेला असलेला छोटा डोंगराळ देश. त्याच्या झेंड्यावर लाल रंगाचा ड्रॅगन आहे. २०२१ च्या जनगणनेत अख्ख्या देशाची लोकसंख्या ३१ लाख भरली. आपल्या एकट्या नागपूर शहराची २०११ सालीच २४ लाख होती, यावरून काय ते समजा!

"आजी, तुम्ही तिकडे कशा काय गेलात?" मी एकदा विचारलं.

"अगं, तिकडच्या खोऱ्यांमध्ये कोळशाच्या खाणी होत्या," आजी म्हणाल्या. "आपल्या उमरेडसारख्या. फक्त उमरेडला वरून खणतात, आणि तिथे लोक जमिनीच्या पोटात खोल उतरायचे. कोळशाची धूळ छातीत जाऊन आजारी पडायचे. त्या आडगावांत डॉक्टर मिळेनात. मग आपल्याकडून कितीतरी डॉक्टर गेले. मीही गेले."

मुलांनो, ब्रिटनमध्ये सगळ्यांना मोफत औषधपाणी देणारी योजना ५ जुलै १९४८ ला सुरू झाली. ती सुरू करणारे मंत्री अन्यूरिन बेव्हन हे वेल्समधल्या ट्रेडेगर गावच्या खाणकामगाराचे चिरंजीव. स्वतः लहानपणी खाणीत राबलेले. त्याच योजनेत नंतर आपले भारतीय डॉक्टर आणि नर्सेस मोठ्या संख्येनं कामाला लागले.

"माझे पेशंट दर वेळी काही ना काही घेऊन यायचे," आजी पुढे सांगू लागल्या. "एक म्हातारी बाई दर १ मार्चला कागदात गुंडाळून पाव आणायची. काळपट तपकिरी, आत किसमिस भरलेला. बारा ब्रीथ! १ मार्च हा त्यांच्या संत डेव्हिडांचा दिवस. तो पाव कसा करायचा ते मी तिच्याकडून लिहून घेतलं."

आजींनी एक जुनी वही काढली. पानांवर चहाचे डाग होते. त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "माझ्या हातून आता हे होत नाही गं. मनगटं दुखतात. पण एकदा खायची इच्छा आहे."

आता मला सांगा, असं कोणी म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं?

ठिपक्यांचा पाव

वेल्श भाषेत 'बारा' म्हणजे पाव आणि 'ब्रीथ' म्हणजे ठिपकेदार. बारा ब्रीथ म्हणजे ठिपक्यांचा पाव. पूर्वी तिकडे आठवड्यातून एक दिवस पाव भाजायचा असे. सगळे पाव भाजून झाले, की उरलेल्या कणकेत मूठभर सुकी द्राक्षं घालायची आणि निवत चाललेल्या भट्टीत ती ठेवून द्यायची. उष्णता वाया जायची नाही आणि पोरांना गोड खायला मिळायचं. आपली आजी नाही का, भाकऱ्या झाल्यावर चुलीच्या आरावर वांगं नाही तर रताळं भाजायला ठेवत? तसंच!

पुढे घरोघरी सोपी पद्धत आली. सुका मेवा रात्रभर चहात भिजवायचा आणि सकाळी त्यात पीठ, गोड आणि मसाला घालून भाजायचा. गंमत म्हणजे यात तेल-तूप थेंबभरही नसतं. लोणी लावायचं ते खाताना.

१८६५ साली सुमारे दीडशे वेल्श माणसं 'मिमोसा' नावाच्या जहाजातून पार दक्षिण अमेरिकेत, अर्जेंटिनातल्या पॅटागोनियात राहायला गेली. तिथल्या त्यांच्या वस्त्यांमध्ये अजूनही फळांचा काळा केक करतात. माणसं गाव सोडतात, पण घरची चव बरोबर नेतात. आपल्याकडची मंडळी परदेशी जाताना बॅगेत चटणी-लोणचं नेतात, ते काय उगाच?

चला, पिशवी उघडा!

फेब्रुवारीतला एक रविवार होता. मी सामान आणायला निघाले. सुका मेवा इतवारीच्या किराणा ओळीतून घेतला. सोनेरी किसमिस आणि काळ्या मनुका. आपल्या राज्यात बेदाण्यासाठी सांगली-तासगावचा भाग प्रसिद्ध आहे. वेल्समध्ये काही द्राक्षं पिकत नव्हती. त्यांच्याकडे सुकी द्राक्षं यायची ग्रीससारख्या देशांतून. बारीक काळ्या मनुकांना इंग्रजीत करंट म्हणतात, ते नाव ग्रीसच्या कोरिंथ शहरावरून पडलंय.

मग घेतली चहापत्ती, आसामची, कडक. आसामचा चहा लंडनच्या बाजारात पहिल्यांदा विकला गेला तो १८३९ साली. त्याआधी तिकडे चहा यायचा तो चीनमधून. म्हणजे बघा, वेल्सचा पाव म्हणायचं, पण त्यात ग्रीसची द्राक्षं आणि आसामचा चहा. दालचिनी आणि जायफळही आपल्याच बाजूच्या मुलखातलं.

शेवटी कॉटन मार्केटमध्ये संत्री. फेब्रुवारी-मार्चला जी संत्री येतात तो मृग बहार. मृगाचा पाऊस पडल्यावर झाडाला फुलं येतात आणि त्याची फळं उन्हाळ्याच्या तोंडाशी हाती लागतात. दुसरा तो आंबिया बहार, त्याची फळं दिवाळीच्या आगेमागे. नागपूरच्या संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे नागपुरी संत्रं ही आता कायद्यानं मान्य झालेली ओळख आहे. त्याची साल कशी, सैल अंगरख्यासारखी! चटकन सुटते. ती साल मी दोनदा उकळून पाणी फेकून दिलं, कडूपणा गेला, आणि मग साखरेच्या पाकात शिजवली. आजींच्या वहीत संत्र्याची साल नव्हती. पण वेल्सचा पाव धंतोलीत आला, तर त्यानं थोडं नागपूरचं व्हायला नको का?

रात्री गार झालेल्या चहात किसमिस भिजवले. सकाळी पाहते तो काय, सुरकुतलेले किसमिस टुमटुमीत फुगलेले! किसमिसाच्या आत साखर दाट असते आणि बाहेरचा चहा पातळ. मग पाणी सालीतून हळूहळू आत शिरतं. याला शास्त्रात परासरण म्हणतात. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो, त्या दिवशी हा प्रयोग शाळेत करायला हरकत नाही.

आणि फजिती!

माझ्याकडे ओव्हन नाही. म्हटलं, काही अडत नाही. आपल्या आया-मावश्या रेतीवर केक भाजायच्याच की! जाड बुडाचं जुनं पातेलं घेतलं, त्यात कन्हानची रेती पसरली, वर रिंगण, रिंगणावर केकचा डबा. झाकण ठेवलं आणि गॅस मोठा केला. दर दहा मिनिटांनी झाकण उघडून बघत होते. झाला का? झाला का?

पाऊण तासानं करपल्याचा वास आला. डबा काढला तर बूड काळं ठिक्कर आणि मधे कच्ची पिठाची लापशी! मला रडूच आलं. सामान वाया गेलं ते गेलंच, पण खाली आजी वास घेत वाट पाहत बसल्या होत्या. त्यांना जाऊन काय सांगू?

"अगं, माझाही पहिला असाच झाला होता," असं म्हणून त्या हसल्या. पण मला काही हसू येईना.

दुसऱ्या दिवशी वर्गात आल्यावर मी मुलांना सगळी फजिती सांगितली. मुलं खो खो हसली. मी विचारलं, "सांगा बरं, माझं काय चुकलं असेल?"

आता इथे तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती सांगताना मला बरं वाटत नाही.

माझ्या वर्गात एक मुलगा आहे. त्याचं खरं नाव सांगत नाही, आपण त्याला बंडू म्हणू. वर्षाच्या सुरुवातीला बंडूचा हात सगळ्यात आधी वर व्हायचा. "बाई, मले मालूम हाये!" तो ओरडायचा. आणि मी म्हणायची, "मले नाही, मला. हाये नाही, आहे. नीट बोल." मुलं हसायची. रोज असंच चालायचं. मला वाटायचं, मी त्याला शुद्ध मराठी शिकवतेय. हळूहळू बंडूचा हात वर होईनासा झाला. दिवाळीनंतर तो कधी बोललाच नाही. माझ्या डायरीत मी लिहिलं होतं, 'शांत मुलगा'. शांत कुठला! त्याला मीच गप्प केलं होतं, पण ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

गळ्यातली फळी

त्याच संध्याकाळी मी आजींकडे गेले. बोलता बोलता त्यांनी वेल्समधल्या शाळांची एक जुनी गोष्ट सांगितली.

शे-दीडशे वर्षांपूर्वी वेल्समधल्या कित्येक शाळांमध्ये इंग्रजीच बोलायचं असा नियम होता. मुलं तर घरी वेल्श बोलणारी. चुकून एखाद्याच्या तोंडून वेल्श शब्द निघाला की त्याच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवायचे. त्याला म्हणत 'वेल्श नॉट'. मग दुसरं कोणी वेल्श बोलताना सापडलं की तो तुकडा त्याच्या गळ्यात. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात तो असेल त्याला शिक्षा! म्हणजे मुलांनीच मुलांवर पाळत ठेवायची. १८४७ साली तर सरकारी तपासनिसांनी अहवालच लिहिला, की वेल्श भाषा ही प्रगतीतली अडचण आहे. त्या तिघांपैकी एकालाही वेल्श येत नव्हतं!

"मग ती भाषा टिकली कशी?" मी विचारलं.

टिकली, कारण घरच्यांनी आणि काही शिक्षकांनी ती सोडली नाही. १९३९ मध्ये ॲबरिस्टविथ गावात वेल्श माध्यमाची एक छोटी शाळा निघाली. मुलं किती? फक्त ७. मग १ मार्च १९४७ ला, अगदी संत डेव्हिडांच्या दिवशी, लानेली गावात तिथल्या शिक्षण खात्यानं वेल्श माध्यमाची पहिली प्राथमिक शाळा उघडली. २०११ मध्ये कायद्यानं वेल्शला अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला. आता तिथल्या शाळांत मुलं सोळा वर्षांची होईपर्यंत वेल्श शिकतात.

आजी सांगत होत्या आणि मी खाली मान घालून ऐकत होते. मी कोणाच्या गळ्यात फळी अडकवली नव्हती. पण "मले नाही, मला" असं रोज सगळ्यांसमोर म्हणत होते, ते तरी काय होतं?

त्यांनी मला वेल्श आकडेही म्हणून दाखवले. दोनला दाय, तीनला त्री, सातला साइथ, नऊला नाउ, दहाला देग. आपल्या आकड्यांचे भाऊच वाटतात की नाही? वाटायलाच हवेत, कारण वेल्श आणि मराठी एकाच मोठ्या भाषाकुळातल्या आहेत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांचं मूळ एकच असावं, असं कोलकात्यात १७८६ साली सांगणारे सर विल्यम जोन्स तुम्हाला पुढे इतिहासात भेटतील. त्यांचे वडील, तेही विल्यम जोन्सच, वेल्समधल्या अँगल्सी बेटावरचे गणिती. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांच्या गुणोत्तरासाठी 'पाय' हे चिन्ह त्यांनीच पहिल्यांदा वापरलं, १७०६ साली. केकचा गोल डबा बघितला की आता मला हे दोघे बापलेक आठवतात!

बाई, रेती तपू द्या!

दुसऱ्या दिवशी वर्गात मी पुन्हा तोच प्रश्न विचारला. माझा पाव का बिघडला? कोणी म्हणालं पीठ जास्त झालं, कोणी म्हणालं सोडा कमी पडला. बंडू खिडकीतून बाहेर बघत होता. पण त्याचे ओठ हलत होते. त्याला काहीतरी ठाऊक होतं.

मी त्याच्या बाकापाशी गेले. म्हटलं, "बंडू, तुला काय वाटतं? तुझ्या घरी जसं बोलतोस तसं सांग. मी मधे बोलणार नाही."

त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग मुलांकडे. आणि हळूच म्हणाला, "बाई, रेती थंडी नाई ठेवत. आंधी तिले चांगली तपू द्या लागते. हालवा लागते. मंग जाळ कमी कराचा. अन झाकण नाई उघडाचं घडी घडी."

"तुला कसं रे माहीत?"

"माही आजी फुटाणे भुंजते ना!"

सगळा वर्ग चिडीचूप. मग कोणीतरी टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनीच.

मुलांनो, बंडूचं म्हणणं शास्त्राला धरून आहे बरं का. रेती हळूहळू तापते आणि हळूहळूच निवते. ती आधी सगळीकडून सारखी तापली, की मंद आचेवर पातेल्यातली उष्णता एकसारखी राहते. मी काय केलं होतं? गार रेती, मोठी आच. मग बूड पेटलं आणि वरची हवा गारच राहिली. त्यात दर दहा मिनिटांनी झाकण उघडून होती ती उष्णताही मी बाहेर घालवली. डीएडच्या दोन वर्षांत मला हे कोणी शिकवलं नव्हतं. बंडूच्या आजीला मात्र ते पक्कं ठाऊक होतं, आणि ते ज्ञान वऱ्हाडीत होतं. मी त्याला 'नीट बोल' म्हणत राहिले असते, तर ते माझ्यापर्यंत कधी पोचलंच नसतं.

सोळा तुकडे आणि बत्तीस मुलं

२७ फेब्रुवारीला शाळेत मराठी भाषा गौरव दिन झाला. कुसुमाग्रजांचा तो जन्मदिवस. त्या दिवशी आम्ही फळ्यावर 'घरचे शब्द' लिहिले. प्रत्येकानं एकेक आणायचा. काहून, पोट्टा, मंग, भुंजणे असे शब्द आले. एका मुलीनं छत्तीसगढी शब्द आणला, एकानं हिंदी. फळा पुरेना!

त्याच रात्री किसमिस भिजवले आणि २८ तारखेला पाव भाजला. रेती वीस मिनिटं तापवली, मधे मधे हलवली, मग आच मंद केली. चाळीस मिनिटं झाकणाला हात लावला नाही. हात शिवशिवत होते, पण नाही म्हणजे नाही! तासाभरानं विणायची सुई टोचून पाहिली. थोडी ओली निघाली. आणखी दहा मिनिटं. मग सुई स्वच्छ बाहेर आली. वास तर असा सुटला, की गल्लीतल्या दवाखान्याचा वॉचमन वर बघून विचारतो, "बाई, काय करून राहिल्या?"

हा पाव लगेच खायचा नसतो. कापडात गुंडाळून एक रात्र ठेवला की ओलावा सगळीकडे सारखा पसरतो आणि काप सुरेख पडतात. १ मार्चला सकाळी पहिला काप आजींना दिला. वरून पांढरं लोणी आणि किंचित मीठ. आजींनी घास घेतला, डोळे मिटले. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "संत्र्याची साल त्या म्हातारीलाही आवडली असती गं."

उरलेल्या पावाचे मी सोळा काप केले आणि प्रत्येकाचे दोन तुकडे. वर्गात मुलं बत्तीस. हिशेब बरोबर जमला! पण बंडूनं आपला तुकडा खाल्ला नाही. कागदात बांधून खिशात ठेवला.

"अरे, खात का नाहीस?"

"आजीले दाखवतो," तो म्हणाला. आणि मी म्हटलं, "दाखव. आणि तिले काय वाटलं ते मले सांग." सगळा वर्ग हसला. पण या वेळचं हसणं वेगळं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारातच बंडूनं आजीचा निरोप दिला: "गोड हाये म्हणे, पन फुटाण्याची सर नाई!"

आता मी वर्गात काय करते, सांगू? लिहिताना 'मला' आणि 'आहे' शिकवतेच, कारण पुस्तकातली मराठीही मुलांना यायलाच हवी. पण बोलणाऱ्याला मधेच तोडत नाही. आधी त्याचं म्हणणं पुरं ऐकते. बंडूचा हात पुन्हा सगळ्यात आधी वर होतो. कधी कधी उत्तर चुकतं, पण हात वर होतो!

तुम्हीही करून बघा

(गॅस आणि गरम रेती यांचं काम आहे, म्हणून आई-बाबा किंवा ताई-दादा शेजारी हवेतच.)

साहित्य: किसमिस आणि मनुका मिळून ३०० ग्रॅम, कडक काळा चहा (दूध न घातलेला) पाव लिटर, चिरलेला गूळ १०० ग्रॅम, मैदा किंवा बारीक कणीक २५० ग्रॅम, बेकिंग पावडर अडीच चमचे, दालचिनी-जायफळ-लवंगेची पूड मिळून एक चमचा, एक अंडं किंवा पाव वाटी दही, पाकात शिजवलेली संत्र्याची साल दोन चमचे, चिमूटभर मीठ.

कृती: रात्री गरम चहात गूळ विरघळवा, गार झाल्यावर किसमिस-मनुका भिजत घाला. सकाळी चहा फेकू नका! त्यातच दही किंवा फेटलेलं अंडं आणि संत्र्याची साल घाला. पीठ, मीठ, बेकिंग पावडर आणि मसाला दोनदा चाळून घ्या आणि हलक्या हातानं मिसळा. डब्याला आतून तुपाचा हात लावून कागद घाला आणि मिश्रण ओता. पातेल्यात दोन बोटं रेती पसरा, ती वीस मिनिटं मधल्या आचेवर तापवा आणि मोठ्यांकडून हलवून घ्या. रिंगणावर डबा ठेवा, झाकण लावा, आच मंद करा. चाळीस मिनिटं अजिबात उघडू नका. तासाभरानंतर सुई टोचून बघा. गार झाला की कापडात गुंडाळून दुसऱ्या दिवशी कापा.

आणि हो, पाव भिजत असेल तेव्हा एक काम करा. आजीजवळ किंवा आजोबांजवळ बसा आणि त्यांना एखादा असा शब्द विचारा, जो तुमच्या पुस्तकात नाही. वहीत लिहून ठेवा. पुढच्या खेपेला कोणी विचारलं, "बारा म्हणजे किती?" तर लगेच डझन म्हणू नका. आधी विचारा, "कोणाच्या घरी?"